उघड्या बियांच्या वनस्पती : ओळख, जीवनक्रम आणि सावधगिरी

तुरीची शेंग सोलली असता आत दाणे मिळतात. भेंडी आडवी कापली असता तिच्या कप्प्यांत बिया मांडलेल्या दिसतात. आंब्याची कोय गराच्या आत दडलेली असते. ज्वारीचा किंवा गव्हाचा दाणा उघडा दिसतो खरा. परंतु शास्त्रीय दृष्टीने तोही एकबीजी फळच होय. फळाची पातळ साल बियाच्या सालीशी इतकी एकजीव झालेली असते की ती निराळी ओळखू येत नाही. शेतकऱ्याच्या नित्य परिचयातील जवळजवळ सर्व पिके अशा रीतीने आपले बी झाकून ठेवणारी आहेत. त्यामुळे बी म्हटले की ते फळातच असावयाचे, असा समज होणे साहजिक आहे. परंतु वनस्पतिसृष्टीत एक फार प्राचीन वर्ग असा आहे की, त्याच्या बियांना फळ मुळी असतच नाही. बी खवल्यावर किंवा पानासारख्या अवयवाच्या कडेवर उघडेच धरले जाते. या वर्गास प्रकटबीज किंवा अनावृतबीजी वनस्पती असे म्हणतात. चीड, देवदार, मोरपंखी आणि बागेतील सायकस ही त्याची ओळखीची उदाहरणे होत.

फुलझाडांत बी ज्यापासून तयार होते ते बीजक किंजपुटाच्या बंद कोठीत असते. पराग तेथपर्यंत थेट पोचू शकत नाही. तो किंजपुटाच्या टोकावर पडतो आणि तेथून नळी वाढवीत आत शिरतो. पुढे त्याच कोठीचे फळ होते. प्रकटबीज वनस्पतींत ही कोठीच नसल्यामुळे पराग सरळ बीजकाच्या तोंडाशी येऊन पडतो. एवढा एकच फरक ध्यानात ठेवला, तर या वर्गाचे बाकीचे पुष्कळसे गुणधर्म आपोआप उलगडत जातात.

हे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल तर हिमालयात जावयास नको. शाळेच्या अगर कचेरीच्या आवारात पुष्कळदा मोरपंखीची झुडपे लावलेली असतात. तिच्या चपट्या, हिरव्या डहाळ्यांवर निळसर हिरव्या रंगाची, टोकाशी वाकडी शिंगे असलेली लहान बोंडे धरतात. ही बोंडे म्हणजे फळे नव्हेत. ते शंकू होत. पुढे ते वाळून तपकिरी होतात, त्यांचे जाड खवले एकमेकांपासून दूर होतात आणि खवल्यांच्या बेचक्यात बसलेल्या बिया मोकळ्या होऊन पडतात. शंकू लहान असताना, मोहोराच्या दिवसांत, सकाळी भिंगातून पाहिले असता खवल्यांमधील बीजकांच्या तोंडावर दवबिंदूसारखा बारीक थेंब दिसतो. हवेतून आलेला पराग या थेंबास चिकटतो आणि थेंब आत ओढला जाताना त्याच्याबरोबर बीजकात जातो. ग्रामीण शाळेतील मुलांना दाखविण्यास याहून सोपा पाठ क्वचितच सापडेल.

जुना वंश, थोडी संख्या

आज पृथ्वीवर फुलझाडांच्या तीन लाखांच्या आसपास जाती आहेत; प्रकटबीज वनस्पतींच्या मात्र हजार-अकराशेच उरल्या आहेत. एके काळी परिस्थिती याच्या उलट होती. उघडे बी धरणाऱ्या वनस्पती ३५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उत्पन्न झाल्या. फुलझाडांचे निःसंशय अवशेष सुमारे १३ कोटी वर्षांपेक्षा जुने मिळत नाहीत. चंद्रपूर आणि वर्धा खोऱ्यातील कोळसा ज्या अरण्यांच्या गाडल्या जाण्यामुळे तयार झाला, त्या अरण्यांत ग्लॉसॉप्टेरिस नावाची, जिभेच्या आकाराच्या पानांची झाडे विपुल होती आणि तीही उघडे बी धरणारीच होती. औष्णिक वीजकेंद्रातून शेतीपंपास जी वीज मिळते, तिच्यातील पुष्कळ भागाचे मूळ या झाडांशी जाऊन पोचते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

या वर्गाचे आज चार गट मानतात. पहिला सायकसाचा, दुसरा गिंकोचा, तिसरा चीड-देवदार इत्यादी शंकुधारी वृक्षांचा आणि चौथा नीटम, एफेड्रा व वेल्विशिया या तीन प्रजातींचा. गिंको हा मूळचा चीनमधील वृक्ष असून त्याच्या गटातील ही एकच जाती शिल्लक आहे. वेल्विशिया नैर्ऋत्य आफ्रिकेच्या वाळवंटात वाढते आणि जन्मभर दोनच पानांवर भागविते. शंकुधारी गट सर्वांत मोठा. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात याच गटातील रेडवुड वृक्ष ११५ मीटरहून अधिक उंच वाढतात आणि तेथीलच एका जातीच्या पाइन वृक्षांनी साडेचार हजारांहून अधिक वर्षांचे आयुष्य गाठलेले आहे.

चिडाचे दोन वर्षांचे बी

हिमालयाच्या खालच्या उतारांवर, साधारणतः ५०० ते २,००० मीटर उंचीच्या पट्ट्यात, चिडाची विस्तीर्ण वने आहेत. त्याची पाने सुयांसारखी लांब असून तीन-तीनच्या जुडग्यांनी येतात. एकाच झाडावर नर आणि मादी असे दोन प्रकारचे शंकू असतात. वसंत ऋतूत नरशंकू फुटले म्हणजे पिवळ्या परागाची इतकी धूळ उडते की खालची जमीन गंधक शिंपडल्यासारखी दिसते. प्रत्येक परागकणास दोन हवेचे फुगे असतात. त्यांच्या आधाराने तो वाऱ्यावर दूरवर जातो. मधमाशीचा किंवा फुलपाखराचा येथे काही संबंध नाही.

मादीशंकूच्या प्रत्येक खवल्यावर दोन बीजके असतात. पराग आत शिरला की खवले मिटतात. यानंतर जे घडते ते शेतकऱ्यास आश्चर्याचे वाटेल. ज्वारीच्या कणसात परागसिंचनानंतर अल्पकाळातच गर्भधारणा होते आणि साधारण दीड महिन्यात दाणा पक्व होतो. चिडाच्या बीजकात परागाची नळी अत्यंत मंद गतीने वाढते व गर्भधारणा होण्यास सुमारे एक वर्ष लागते. बी तयार होऊन शंकू उघडेपर्यंत दुसरे वर्ष उलटून जाते. म्हणून एकाच फांदीवर या वर्षीचे चिमुकले शंकू, गतवर्षीचे हिरवे शंकू आणि उघडून रिकामे झालेले जुने शंकू अशी तीन पिढ्यांची मांडणी पाहावयास मिळते. बियाला पातळ पंख असतो आणि ते भिंगरीसारखे फिरत जमिनीवर उतरते.

दुसरा एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. गव्हाच्या दाण्यातील पीठ किंवा नारळातील खोबरे हा रोपाच्या पोषणासाठी साठविलेला अन्नसंचय असून तो गर्भधारणा झाल्यावरच तयार होतो. प्रकटबीज वनस्पतींत बाळाची शिदोरी गर्भधारणेपूर्वीच बांधावयास सुरुवात होते. फुलझाडांची रीत अधिक काटकसरीची आहे हे उघड आहे. बाळ येणार हे निश्चित झाल्याशिवाय ती खर्च करीत नाहीत.

लाकडाच्या रचनेतही भिन्नता आहे. साग किंवा आंबा यांच्या लाकडात पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या नळ्या असतात व आडव्या छेदावर त्यांची छिद्रे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. चीड-देवदाराच्या लाकडात अशा नळ्या नसतात. तीन-चार मिलिमीटर लांबीच्या बारीक, बंद टोकांच्या पेशींतूनच पाणी झिरपत वर जाते. या लांब धाग्यांमुळे त्यांच्या लगद्याचा कागद मजबूत होतो. चिडाच्या खोडास जखम केली असता जो चिकट रस स्रवतो तो गंधाबिरोजा होय. त्याचे ऊर्ध्वपातन केले म्हणजे टर्पेंटाइन तेल निघते व राळ मागे राहते. रंग, वार्निश, साबण व कागद या धंद्यांत या राळेस मोठी मागणी असते. बाजारात राळ या नावाने साल वृक्षाचा डिंकही विकला जातो. तो फुलझाडाचा असून त्याचे गुणधर्म निराळे आहेत. खोल खाचा पाडून रस काढण्याच्या जुन्या पद्धतीने पुष्कळ झाडे दुबळी होऊन वाऱ्याने मोडली. म्हणून उथळ रेघा पाडून रस काढण्याची रीत पुढे आली.

चिडाची रोपे नव्या जागी लावताना ती निष्कारण पिवळी पडून खुरटतात, असा अनुभव अनेक देशांत आला. त्यांच्या मुळांशी एक प्रकारची बुरशी सहजीवनाने राहत असते व तीच जमिनीतून स्फुरद मिळवून देते. ही बुरशी नसलेल्या जमिनीत रोप उपाशी राहते. जुन्या वनातील थोडी माती रोपवाटिकेत मिसळणे हा त्यावर साधा व खात्रीचा उपाय ठरला.

मंद वाढ आणि माणसाची घाई

ज्या झाडास एक बी तयार करण्यास दोन वर्षे लागतात, त्याची लूट झाल्यास ते लवकर भरून काढता येत नाही. हिमाचल प्रदेशातील किन्नौर भागात चिलगोझ्याचा पाइन वाढतो. त्याची बी म्हणजेच सुकामेव्यातील चिलगोझा. भाव चांगला मिळत असल्याने शंकू उघडण्यापूर्वीच ते जवळजवळ सर्वच्या सर्व उतरवून घेतले जातात. जमिनीवर पडावयास बी उरत नाही आणि वनात लहान रोपे विरळ झाली आहेत.

थुनेर किंवा हिमालयीन यू या झाडाची कथा याहून दुःखद आहे. अमेरिकेतील यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल हे द्रव्य वेगळे करण्यात आले. १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध झाली आणि १९९२ साली तेथे कर्करोगावरील औषध म्हणून त्यास मान्यता मिळाली. हिमालयीन यूमध्येही तत्सम द्रव्ये असल्याने त्याची साल व पाने मोठ्या प्रमाणावर ओरबाडण्यात आली. साल सर्व बाजूंनी काढलेले झाड मरते. नवे झाड मोठे होण्यास कित्येक दशके लागतात. महाराष्ट्रातील घरोघरी माहीत असलेल्या तालीसपत्राशीही या झाडाचा संबंध येतो. तालीसपत्र म्हणून हिमालयीन फरची पाने घ्यावयाची असतात; परंतु त्याच नावाने यूची पानेही विकली गेल्याचे आढळून आले आहे. यूची पाने माणसास व जनावरास विषारी आहेत, तेव्हा हे औषध जाणत्या वैद्याच्या देखरेखीवाचून घेऊ नये.

सुरू आणि उंबळी

कोकणच्या किनाऱ्यावर वाळू धरून ठेवण्यासाठी सुरूची बने लावलेली आहेत. लांबून ती हुबेहूब पाइनसारखी दिसतात आणि झाडाखाली लहान काटेरी शंकूही पडलेले असतात. त्यामुळे सुशिक्षित माणसेदेखील सुरूस या वर्गात घालतात. ही चूक होय. सुरूची सुईसारखी दिसणारी काडी हे पान नसून पेरे असलेली डहाळी आहे. ती दोन्ही बाजूंनी हळूच ओढली असता पेऱ्यावर निखळते आणि तेथे बारीक दातांसारखी खरी पाने दिसतात. तिचा शंकू हाही अनेक लहान फळांचा झुबका असून प्रत्येक फळात एक झाकलेले बी असते. सुरू फुलझाडच आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण सह्याद्रीच्या सदाहरित रानात मिळते. उंबळी किंवा कुंबळ नावाची जाड, काष्ठमय वेल मोठ्या झाडांवर चढलेली असते. हिची पाने रुंद, तुकतुकीत व जाळीदार शिरांची असल्यामुळे ती कोणासही साध्या फुलझाडाची वाटावी. पण ही नीटम गटातील अस्सल प्रकटबीज वनस्पती असून महाराष्ट्राच्या रानात आपोआप वाढणाऱ्या या वर्गातील थोडक्या वनस्पतींपैकी एक आहे. तिच्या नारिंगी, गोळीसारख्या ‘फळां’चा मांसल भाग हे बियाचेच वेष्टन होय. रानातील लोक आतील बी भाजून किंवा उकडून खातात. तिचे तेल संधिवातावर चोळण्यासाठी वापरले जाते. पानावरून वर्ग ठरवू नये, बी कसे धरले आहे ते पाहावे, हे या दोन उदाहरणांवरून पटेल.

सायकस

आता ज्या झाडाविषयी गावपातळीवरील कार्यकर्त्यास सर्वांत अधिक माहिती असावयास पाहिजे, ते सायकस. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात ते रानात आढळते. महाराष्ट्रात मात्र मुख्यत्वे बंगल्यांच्या, देवळांच्या व कचेऱ्यांच्या बागांत लावलेले दिसते. जाड, खवलेदार खोड आणि माथ्यावर माडासारख्या झावळ्यांचा झुबका यामुळे त्यास लोक ताड-माडाचा प्रकार समजतात. ताड-माड फुलझाडे आहेत. सायकसाचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

सायकसाची नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. नर झाडाच्या माथ्यावर मोठा, उभा शंकू येतो. मादी झाडावर शंकू न येता लहान, लोकरी पानांसारख्या अवयवांचा झुबका येतो व त्यांच्या कडांवर बीजके धरतात. १८९६ साली जपानमध्ये इकेनो या शास्त्रज्ञाने सायकसात आणि हिरासे या शास्त्रज्ञाने गिंकोत असे दाखवून दिले की, या झाडांचे पुंबीज बारीक केसांच्या साहाय्याने पोहत अंड्याकडे जाते. नेचे व शेवाळ यांच्यात हे घडते. बी धरणाऱ्या झाडात ते आढळावे ही मोठी नवलाची गोष्ट होती. सायकस गटातील ही पुंबीजे इतकी मोठी असतात की नुसत्या डोळ्यांस ठिपक्यासारखी दिसू शकतात.

जवळपास नर झाड नसले तरी मादी झाडावरील बीजके पुष्कळदा फुगून पूर्ण आकाराची होतात. परंतु त्यांत गर्भ नसतो व ती उगवत नाहीत. बी उगवले नाही म्हणून रोपवाटिकेस दोष देण्यापूर्वी एवढी चौकशी करावी. बागेतील रोपे बहुधा बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लांपासून करतात. मादी झाडाचे पिल्लू मादीच निघते.

सायकसाची काही मुळे खाली न जाता जमिनीलगत वर येऊन पोवळ्यासारखी फुटतात. असे मूळ कापले असता आत निळसर हिरवे कडे दिसते. हे नील-हरित शैवाल होय. भातखाचरात ज्या शैवालाचा खतासाठी उपयोग केला जातो त्याच्याच जातकुळीचे ते असून हवेतील नत्र झाडास मिळवून देते. हरभऱ्याच्या मुळावरील गाठींचे काम येथे शैवाल करते, असे सांगितल्यास शेतकऱ्यांस ते लगेच समजेल.

दक्षिणेकडील रानातील सायकसाची पाने मांडव सजविण्यासाठी, नरशंकू औषधासाठी व बिया पिठासाठी नेल्या जातात. गाभ्यातील पिठासाठी खोडच तोडले की झाड संपते. नरशंकू सातत्याने नेल्यास मादी झाडे उभी असूनही बी धरत नाही. रानटी सायकसाची मोठ्या प्रमाणावर घट झाली आहे. आंध्र प्रदेशातील तिरुमलेच्या डोंगरांतील एक जाती तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ यातील संरक्षित वनस्पतींच्या यादीत आहे. रानातून उपटून आणलेली रोपे विकत घेऊ नयेत.

विषबाधा

सायकसाच्या सर्व भागांत, विशेषतः बियांत, सायकॅसिन नावाचे विष असते. १७७० साली ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर कॅप्टन कुकच्या जहाजावरील खलाशांनी, तेथील मूळ रहिवासी या बिया खातात असे पाहून त्या तशाच खाल्ल्या. त्यांना भयंकर ओकाऱ्या व जुलाब झाले आणि बिया घातलेली डुकरे मेली. मूळ रहिवाशांची रीत खलाशांना ठाऊक नव्हती. विष पाण्यात विरघळते, म्हणून बी फोडून, वारंवार पाणी बदलून, दीर्घकाळ भिजवावे लागते. केरळच्या वायनाड भागातही ही विद्या परंपरेने चालत आलेली आहे. जेथे ती परंपरा नाही तेथे कोणी नुसत्या ऐकीव माहितीवर हा प्रयोग करू नये. अपुऱ्या धुलाईचे पीठ चवीवरून ओळखता येत नाही. भिजवलेले पाणीही तितकेच विषारी असते.

सायकसास इंग्रजी नावावरून ‘साबुदाण्याचा ताड’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. ही पद्धत मोडणे इष्ट आहे. उपवासास वापरला जाणारा साबुदाणा टॅपिओका या झुडपाच्या कंदापासून, मुख्यतः तमिळनाडूतील सेलम भागात, तयार होतो. त्याचा सायकसाशी कोणताही संबंध नाही.

जनावरांच्या बाबतीत धोका दोन प्रकारचा असतो. बिया खाल्ल्यास यकृतास इजा होऊन जनावर थोड्याच दिवसांत दगावू शकते. पाने पुष्कळ दिवस खाण्यात आल्यास मागील पायांतील शक्ती जाते. जनावर झोकांड्या खाते, पाय एकमेकांत अडकतात आणि हे लुळेपण सहसा बरे होत नाही. टंचाईच्या दिवसांत, हिरवे काही दिसेनासे झाल्यावर, बागेतून छाटून टाकलेल्या झावळ्यांकडे गुरे वळतात. म्हणून सायकसाची छाटणी उकिरड्यावर किंवा रस्त्याच्या कडेस न टाकता खोल पुरावी. पडलेल्या नारिंगी बिया शाळेच्या व अंगणवाडीच्या आवारातून वेळोवेळी वेचून घ्याव्यात. मुलांना त्या सुपारीसारख्या वाटतात. कुत्र्यांनाही त्या घातक आहेत.

या विषावर खात्रीचा उतारा नाही. माणसाच्या पोटात बी गेल्याचा संशय आला तर ओकारीची वाट न पाहता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. जनावराच्या बाबतीत चारा बंद करून पशुवैद्यकास बोलवावे. दोन्ही प्रसंगी खाल्लेल्या बीचा किंवा पानाचा तुकडा कागदात गुंडाळून बरोबर न्यावा. केव्हा व किती खाल्ले तेही सांगावे.